सात डबे, उतारू एक

१

दुपारी अडीच ते चार हा वेळ माझा. तसा काही लेखी करार नाही. माझी लेक भिंगरी तेव्हा खाली झोपलेली असते आणि नवरा दुकानात चष्म्याची भिंगं घासत असतो, त्यामुळे हक्क सांगायला दुसरं कोणी उरत नाही, एवढंच. या दीड तासात शहाण्या बाया काय करतात मला ठाऊक नाही. मी आगगाडी चालवते.

गाडी नवऱ्याने आणली होती. "आपल्या लेकीसाठी," म्हणाला. लेक तेव्हा पोटात होती. नव्याचे नऊ दिवस झाले, दहाव्या दिवशी त्याचा उत्साह ओसरला आणि माझा मात्र चढत गेला. जिन्यावरच्या खोलीत जुनं दार दोन पेट्यांवर आडवं टाकून मी त्यावर रूळ बसवले. एक स्टेशन केलं, फलाट केला, सिग्नल केला. टोकाला बुटांचं खोकं उलटं ठेवून हिरव्या रंगाने त्याचा डोंगर केला. गाडी बोगद्यातून त्या खोक्यात शिरते आणि थांबते. माझ्यापुरतं जग तिथे संपतं.

पण लाइन तिथे संपत नाही. असल्याच खुळाचे आणखी तिघं जण मला फोनवर भेटले. एक दातांचे डॉक्टर. एक निवृत्त भूमितीचे सर. एक टेलर, ज्यांचं शिलाई मशीन बोलतानाही चालूच असतं. प्रत्येकाच्या घरी एकेक स्टेशन. चौघं मिळून आम्ही एक लाइन ठरवली: माझं स्टेशन दुपारझोप, पुढे डॉक्टरांचं अक्कलदाढ, मग सरांचं काटकोन आणि शेवटी टेलरदादांचं टाचणी. मंगळवारी गाडी जायची, गुरुवारी परत यायची.

गाडी काही खरोखर घराघरातून जात नाही. माझी गाडी माझ्या खोक्यात शिरली की आठ मिनिटांनी डॉक्टर त्यांची तसलीच गाडी त्यांच्या बोगद्यातून बाहेर काढतात. एवढंच. पण फोनवर एकमेकांना विचारून, सांगून, वहीत नोंद करून हे केलं की शपथेवर सांगते, तीच गाडी गेल्यासारखी वाटते.

"दुपारझोप हजर," मी त्या मंगळवारी म्हणाले.

"अक्कलदाढ हजर," डॉक्टर म्हणाले. "पेशंट खुर्चीत आहे. भूल चढायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात एक गाडी निघते."

"डॉक्टर, त्या बिचाऱ्याला माहीत आहे का, की तो वेळापत्रकात बसलाय?" टेलरदादांनी विचारलं.

"काटकोन हजर," सर म्हणाले. "दोन वाजून एकतीस मिनिटं. एक मिनिट उशीर. नोंद केली आहे."

"नोंद करा सर, पण बाकावर उभं करू नका," मी म्हणाले.

फोनच्या पडद्यावर चार गोल. जो बोलेल त्याच्या गोलाला हिरवी कड यायची. आमची सगळी शिस्त सरांची. गाडी देण्याआधी पुढच्याला विचारायचं, तुमचा फलाट मोकळा आहे का. त्याने मोकळा आहे, द्या, म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही. परत मागायची सोय नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्यानेच ती देऊ करायची. आणि वहीत खोटं लिहायचं नाही. "खोटं लिहायचं असेल," सर म्हणायचे, "तर सरळ पत्ते खेळा."

२

त्या मंगळवारी माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं. आधीच्या तीन दुपारी मी भिंगरीला घडवलं होतं.

आमच्या गाड्या खऱ्याच्या सत्याऐंशीपट लहान. त्या मापाची माणसं विकत मिळतात, पण ती सगळी टोपीवाली, बॅगवाली, ओळखीची एकही नाही. मी भिंगरीला दाराच्या चौकटीला उभं करून मापलं. त्र्याण्णव पूर्णांक चार सेंटिमीटर. भागाकार केला तर दहा मिलिमीटरवर थोडं. शेवटचा आकडा सोडून दिला आणि दहा पूर्णांक सातची मुलगी केली. तीन शतांश मिलिमीटर कोण बघायला येतंय?

नवऱ्याच्या भिंगाखाली, एका केसाच्या कुंचल्याने, श्वास रोखून मी तिला रंगवलं. पिवळा फ्रॉक. डाव्या बुटाचा सुटलेला बंद, कारण तो कायम सुटलेलाच असतो. दोन महिन्यांपूर्वी ती याच जिन्यावरून पडली होती, त्याची हनुवटीवरची खूण. जिना मीच पुसला होता आणि ओला ठेवला होता. ती खूण रंगवताना माझा हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला. चेहरा फोनवरच्या फोटोवरून केला. भिंगरीला फोटोत स्वतःला बघायचं असतं, म्हणून तिचे सगळे फोटो मी पुढच्या कॅमेऱ्यानेच काढते.

तिसऱ्या डब्यात, सीटवर उभी, खिडकीला नाक लावून, अशी मी तिला चिकटवली. तिची पाठ रंगवली नाही. डब्याच्या आतल्या बाजूला कोण बघतं?

"अक्कलदाढ, गाडी देऊ का? फलाट मोकळा आहे का?"

"मोकळा आहे. द्या."

"सात डबे, उतारू एक."

शिलाई मशीन थांबलं.

"उतारू?" सर म्हणाले. "आपल्या गाड्यांत उतारू कधीपासून?"

"आजपासून सर. तिसरा डबा, दुसरी खिडकी."

"मग रीतसर वर्णन द्या. नोंद नाही तो विनातिकीट."

मी सांगितलं. पिवळा फ्रॉक, उंची दहा पूर्णांक सात, बुटाचा बंद सुटलेला, हनुवटीवर खूण.

"खूण कुठल्या बाजूला?"

मी फोटोकडे पाहिलं. "उजव्या."

"नाव?"

मी तिचं घरचं नाव सांगणार होते. पण सरांच्या वहीत 'भिंगरी' कसं लिहायचं? मी तिचं शाळेत घालायचं, आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं आणि माझ्या वहीतही शाईने लिहिलं.

"शाबास पोरी," सर म्हणाले. "याला म्हणतात अचूक."

"तिकीट अर्धं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"दिली," मी म्हणाले आणि बटण फिरवलं. गाडी खोक्यात शिरली.

"घेतली."

३

आठ मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, "आली हो. वहिनी, तुमची लेक खिडकीतून हात बाहेर काढतेय. आत घ्यायला सांगा."

मी हसले. भलत्या गोष्टीत साथ देणारी माणसं मला आवडतात.

मग सर. "आली. हात अजून बाहेरच आहे." सर कधी थट्टा करत नाहीत, मला वाटलं, आज वारं फिरलंय.

मग टेलरदादा. "आली. वहिनी, ही रडतेय."

"बिस्कीट द्या तिला," मी म्हणाले.

टेलरदादा हसले नाहीत. मग म्हणाले, "पुढे देऊ का?"

मला वाटलं, त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. टाचणीच्या पुढे काही नाही. टाचणी म्हणजे शेवट.

"फलाट मोकळा आहे. द्या," कोणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज की बाप्याचा, सांगता येणार नाही. घाई नसलेला आवाज होता. भिंतीकडे तोंड करून कोणी बोलावं तसा. मी पडद्याकडे पाहिलं. चार गोल. हिरवी कड एकालाही नव्हती.

"दिली," टेलरदादा म्हणाले.

"घेतली."

"टेलरदादा, पुढे कोण आहे?"

"पुढचे."

"पुढचे म्हणजे कोण?"

"म्हणजे... सरांनी नवीन मेंबर घेतला ना?"

"मी कोणालाही घेतलेलं नाही," सर म्हणाले. तेवढ्यात डॉक्टरांच्या पेशंटची आरोळी ऐकू आली, डॉक्टर "अरे बापरे, भूल!" म्हणाले आणि सगळेच गोल एकेक करून गेले.

मी डोंगर उचलला. माझी गाडी होती तिथेच होती, सातही डबे. तिसऱ्या डब्यात सीटवर वाळलेल्या गोंदाचा थेंब होता आणि त्यात बुटांचे दोन ठसे. भिंगरी नव्हती.

निसटली असणार. गोंद मीच घाईत लावला होता. मी भिंग घेऊन जमिनीवर रांगू लागले. पेट्यांखाली, दाराच्या फटीत, माझ्या स्वतःच्या पायाच्या बोटांत. एक सेंटिमीटरची पोर शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई, आणि माझ्या खोलीचा केर काही गंजीपेक्षा कमी नव्हता.

मान वर केली तेव्हा भिंगरी दारात उभी होती.

एरवी ती उठते तेव्हा चार घरांना कळतं. आधी "आईऽऽ" अशी हाक, मग जिना. पायरीवर ती दोन्ही पाय एकदम आपटते. तेरा पायऱ्या, तेरा धपके. आज मी काहीच ऐकलं नव्हतं.

"अगं बाई, उठलीस?" मी म्हणाले.

तिने मान हलवली.

४

पहिलटकरणीला सगळंच खुपतं, हे मला मान्य आहे. ताप नसला तर का नाही म्हणून मी थर्मामीटर दोनदा लावते. त्यामुळे पुढचा दीड दिवस मी स्वतःशी जे बोलले ते बहुतेक 'गप बस' या दोन शब्दांत होतं.

भिंगरी शहाण्यासारखी वागत होती. ठेवलं तिथे बसायची. बोलत नव्हती; विचारलं की मान हलवायची, फारच विचारलं तर मिटल्या तोंडाने हूं म्हणायची. ताट पुढे ठेवून मी पाणी आणायला वळले की परतेपर्यंत ताट रिकामं असायचं. बुटाचा बंद मी लावला, आणि मान वर करून खाली पाहते तो सुटलेला. पुन्हा लावला. पुन्हा सुटलेला. आणि ती सतत माझ्याकडे तोंड करून असायची. खोलीतून जाताना मला ती कधी दिसलीच नाही. नुसती नसायची.

"कधी नव्हे ते घर शांत आहे तर तुला तेही सोसवेना," नवरा म्हणाला.

"ती बोलत नाहीये."

"तुझ्यावर गेली नाही एवढंच."

बुधवारी सकाळी मी तिचं तोंड पुसत होते. ओल्या फडक्याने डोळे पुसले आणि फडकं तसंच हातात राहिलं. तिला पापण्यांचे केस नव्हते. पापण्या होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. कडेला एकही केस नव्हता. मुलं उपटतात केस, मी स्वतःला सांगितलं. वाचलंय कुठेतरी. मग हनुवटी पुसली. खूण उजव्या बाजूला होती.

खूण डावीकडे आहे. मला माहीत आहे, कारण त्या दिवशी रक्त माझ्या उजव्या खांद्यावर लागलं होतं; ती कुशीत समोरून बिलगली होती, तिची डावी बाजू माझ्या उजवीकडे. ब्लाउजवरचा तो डाग मी तीनदा धुतला होता.

"उजवीकडेच तर आहे," नवरा दुकानात निघता निघता म्हणाला आणि फोनवरचा फोटो माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ."

फोटोत उजवीकडे होती. सगळ्या फोटोंत उजवीकडे होती. तो बूट घालून निघून गेला, आणि मग मला उमगलं. पुढचा कॅमेरा. आरशासारखा. डावं ते उजवं. मी आरशातली पोर घडवली होती.

मी तिला चौकटीला उभं केलं. दोनदा मापलं. त्र्याण्णव पूर्णांक एक. आधीच्या मापापेक्षा तीन मिलिमीटर कमी. मुलं उंच होतात. कमी होताना कोणी पाहिलंय? मी कागद घेतला आणि दहा पूर्णांक सातला सत्याऐंशीने गुणलं.

उत्तरही तेच आलं. ते मी खाटेच्या कडेला बसून बराच वेळ बघत राहिले. भिंगरी समोर उभी राहून मला बघत होती.

५

ती पडली होती तेव्हा तिचा दात डॉक्टरांनीच पाहिला होता. त्यांच्याकडे कार्ड असणार, आणि कार्डावर लिहिलेलं असणार. मला फक्त तेवढं वाचायचं होतं. मी चुकत असेन तर मला वेडी म्हणून घरी पाठवा, मी आनंदाने जाईन, असं मी वाटेत मनाशी घोकत होते.

"या वहिनी," डॉक्टर म्हणाले. नेहमीसारखे हसले नाहीत. भिंगरीकडे बघायचं त्यांनी टाळलं, असं मला वाटलं.

त्यांनी कार्ड काढून मोठ्याने वाचलं. "हनुवटीला खोक, डाव्या बाजूला, अर्धा सेंटिमीटर. वरच्या पुढच्या दाताचा टवका." मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "ये बाळा. बस. आ कर बघू."

मी खुर्चीच्या मागे होते. मला तिच्या डोक्यामागची खुर्चीची उशी दिसत होती आणि डॉक्टरांचा चेहरा. त्यांनी दिवा खाली ओढला. हातातला छोटा आरसा तिच्या तोंडापर्यंत नेला आणि आत घातलाच नाही. तो तसाच हवेत राहिला.

"मिट," ते म्हणाले. "मिट बाळा. तोंड मिट."

मग त्यांनी हात धुतले. खूप वेळ धुतले. पाणी बंद केलं तेव्हा म्हणाले, "आज बुधवार ना? उद्या परतीची गाडी आहे."

"डॉक्टर, काय आहे तिच्या तोंडात?"

"उद्या गाडी घ्या वहिनी. काहीही झालं तरी घ्या."

"तुम्ही काय पाहिलंत?"

ते स्टुलावर बसले. "मंगळवारी मी थट्टा करत नव्हतो. माझ्या डब्यांना खिडक्या नाहीत. रंगवलेल्या आहेत, काळे चौकोन नुसते. तिसऱ्या डब्याच्या दुसऱ्या चौकोनातून हात बाहेर आला होता. मला वाटलं, पेशंटबरोबर मलाही भूल चढली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना," डॉक्टर म्हणाले. "आत घ्यायला सांगा म्हटलं. तुम्ही हसलात."

६

गुरुवारी अडीचला चारही गोल आले. हजर कोणी म्हणालं नाही.

रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "थोडे दिवस ते गाड्यांचं बंद ठेव." तो चुकीचं काही बोलला नव्हता. दुसऱ्या कोणाच्या बायकोबद्दल ऐकलं असतं तर मीही हेच म्हणाले असते.

"वहिनी," टेलरदादा म्हणाले. मशीन बंद होतं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच नुसता ऐकत होते. "माझी गाडी नाहीये. रिळांच्या खोक्यात शिरली ती शिरलीच. खोकं रिकामं आहे. मी ते फाडून पाहिलं."

"मग हाक मारा त्यांना! म्हणावं, गाडी परत द्या."

"परवापासून मारतोय. ओ देत नाहीत."

"मागायची सोय नाही पोरी," सर हळूच म्हणाले. "तो नियम माझाच आहे. ते देतील तेव्हाच. वेळापत्रकात दोन एकेचाळीस आहे."

मी घड्याळाकडे बघत बसले. दोन पस्तीस. दोन अडतीस. ती माझ्या मांडीवर होती. तिला मी वर आणलं नव्हतं. खाली निजवून, दार ओढून आले होते. खुर्चीत बसले आणि मांडीवर वजन जाणवलं. तोंड माझ्याकडे. मी तिला खाली ठेवलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

दोन एकेचाळीसला तो आवाज आला.

"टाचणी, गाडी देऊ का? फलाट मोकळा आहे का?"

"मोकळा आहे, मोकळा आहे, द्या," टेलरदादा एका दमात म्हणाले.

"सात डबे. उतारू एक."

"वर्णन," सर म्हणाले. "वर्णन द्या. खूण कुठल्या बाजूला?"

पलीकडे पानं उलटल्यासारखा आवाज झाला.

"डाव्या."

मांडीवरचं वजन जरा हललं.

टाचणीला गाडी आली. टेलरदादांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. आठ मिनिटांनी काटकोनला आली. "आहे," सर म्हणाले. "उभी आहे. खिडकीला धरून. पोरी, ती दमलीय, पण आहे." पुढची आठ मिनिटं मी मोजली नाहीत, मी फक्त खोक्याकडे बघत होते.

"आली," डॉक्टर म्हणाले. आणि लगेच, "दुपारझोप, गाडी देऊ का? फलाट मोकळा आहे का?"

मी तोंड उघडलं.

माझ्या मांडीवर जी होती तिने माझ्या बाहीला धरलं. बोटं आखूड होती. बोटांमधल्या फटी मला नीट जमल्या नव्हत्या. तिने माझ्याकडे पाहिलं, त्या उघड्या, केस नसलेल्या पापण्यांतून, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"आई."

तोंड पुरतं उघडलं नाही. एक लाल रेघ होती ती नुसती वाकली.

तीन दुपारी मी हिच्यासाठी श्वास रोखला होता. हिचा प्रत्येक दोष माझ्या हातचा होता. हिने कोणाचं काय वाकडं केलं होतं? ठेवलं तिथे बसली होती, दिलं ते घेतलं होतं. मोकळा आहे म्हटल्यावर हिचं काय होणार, ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. एका फलाटावर एक गाडी.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "गाडी सिग्नलला उभी आहे. ती हाका मारतेय तुम्हाला."

"मोकळा नसताना मोकळा म्हणायचं नसतं," सर बोलले आणि थांबले. "नाही. म्हण पोरी. काय वाटेल ते म्हण."

खोक्यातून आवाज येत होता. पुठ्ठ्यावर आतून काहीतरी आपटत होतं, दोन्ही बाजूंनी एकदम. मग थांबायचं. मग पुन्हा.

"आई," मांडीवरची म्हणाली.

मी तिला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. माझा तळहात तिच्या पाठीवर पडला. तळहाताला जे लागलं तो फ्रॉक नव्हता आणि कातडीही नव्हती. तरी हात मी काढला नाही.

"मोकळा आहे," मी म्हणाले. "द्या."

"दिली."

७

आधी खोक्यातला आवाज थांबला. मग जिन्याच्या तळाशी एक धपका झाला.

दुसरा. तिसरा. मी मोजत होते. चौथ्याला ती अडखळली, "आईऽऽ" म्हणून ओरडली, आणि ती हाक चार घरांना गेली असणार. पाच, सहा, सात. मला उठायचं होतं, धावायचं होतं. मांडीवरचं वजन मला उठू देईना. दहा. अकरा. बारा. तेरा.

दार उघडलं. भिंगरी उंबऱ्यात उभी होती. नाक वाहत होतं, केस चिकटले होते, बुटाचा बंद लोंबत होता. रडून रडून पापण्यांच्या केसांचे ओले झुबके झाले होते. मला ते झुबके इथूनही मोजता आले असते. हनुवटी थरथरत होती आणि खूण डावीकडे होती. तोंड वासून तिने भोकाड पसरलं आणि मला तो टवका उडालेला दात दिसला. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

"दुपारझोप," फोनमधून डॉक्टर ओरडत होते, "वहिनी, पोचली का? घेतली का? बोला!"

भिंगरीने दोन्ही हात वर केले.

"घे," ती म्हणाली. तिची नजर माझ्या तोंडावरून खाली आली, माझ्या छातीशी गेली, आणि तिचं रडणं एकदम थांबलं. हात तसेच वर होते. "आई, मला घे ना."

पण मला तिला घेता येईना. माझे दोन्ही हात भरलेले होते.